पोहण्याच्या तलावाकाठचं शिबिर

कवी आमच्या कोळवण खोऱ्यात राहायला आला तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. मी पौडजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि कथा लिहिते. माझे दोन संग्रह निघाले आहेत. ते दोन्ही मिळून जितक्यांनी वाचले, त्याहून जास्त माणसं आमच्याकडे एका साखरपुड्याला जेवून जातात. अशा बाईच्या घरापासून दोन टेकाडांवर पाठ्यपुस्तकात कविता असलेला माणूस जमीन घेतो, तेव्हा त्याचा थोडाफार उजेड आपल्यावरही पडेल असं वाटतं. मला वाटलं. माझ्या दुसऱ्या संग्रहाच्या मागच्या पानावर त्याने चार ओळी लिहून दिल्या. माझ्या कथांना मातीचा वास आहे, असं त्यात होतं. त्याने पुस्तक उघडलेलंही नव्हतं, कारण त्यातल्या निम्म्या कथा सूसच्या सोसायट्यांमध्ये घडतात आणि तिथे माती कुंडीतच असते. तरीही त्या ओळी मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवल्या.

समोर मी त्याला सर म्हणते. इथे म्हणणार नाही.

त्याने घेतलेली जमीन माझ्या चुलत दिराची. उताराची, वरकस, नाचणी-वरईपुरती. दिराने ती राजीखुशीने विकली, फ्लॅट घेतला, खूश आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कवीने मात्र जेसीबी लावून तो उतार सपाट केला. ऐन आणि हिरड्याची झाडं गेली, त्या जागी पाम आले, पामांखाली हिरवळ आली. सभोवती दगडी भिंत आणि मधोमध पोहण्याचा तलाव. तलावाला तो 'जलाशय' म्हणतो. जलाशय भरायला दोन बोअर घेतल्या. ते काम चालू होतं त्या उन्हाळ्यात त्याचा नद्यांवरचा कवितासंग्रह आला. त्यात तो आटलेल्या नदीला आई म्हणतो आणि तिच्या कोरड्या पात्रात उभा राहून माफी मागतो. संग्रह चांगला खपला.

भिंतीच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे. दहा-बारा घरं. त्या वाडीतली एक मावशी वीस वर्षांपासून माझ्या दारात येते. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं घेऊन, मग भारंगी, करटोली, ओढ्यातले मुठे खेकडे, उन्हाळ्यात करवंदं. शेवळं खाजरी असतात, काकडाची आंबट फळं घालून शिजवली नाहीत तर घसा धरतो, हे मला तिनेच शिकवलं. आपसात त्यांची बोली वेगळी, आमच्याशी बोलताना ती गावचं बोलते. वयाने माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठी असेल. तिला स्वतःलाही नक्की माहीत नाही आणि तिचं त्यावाचून काही अडत नाही.

वाडीचं पिण्याचं पाणी म्हणजे उंबराच्या मुळातून पाझरणारा एक झरा. दगड लावून केलेली हातभर खोल डबकी, पण पाणी स्वच्छ आणि गार. मी स्वतः ते प्यायले आहे. आमच्या लग्नानंतरची कितीतरी वर्षं तो झरा वैशाखापर्यंत टिकायचा. बोअर झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी मावशी करवंदांची पाटी माझ्या ओट्यावर उतरवत म्हणाली, "बाई, उंबराचं पानी औंदा शिमग्याच्या आदीच ग्येलं."

"पाऊसच नीट पडला नाही यंदा," मी म्हटलं.

"पाऊस पडला की लई. नको तवा पडला, पर पडला." तिने डोक्यावरची चुंबळ काढून झटकली. "वरल्या सायबानं भोकं पाडल्यापास्नं पानी सरकलंय."

मी काहीतरी हवामानाबद्दल बोलले. हवामान बदललंय, सगळीकडेच असं होतंय, वगैरे. ते खोटं नव्हतं. आमच्या खोऱ्यात भात कापणीला आला की पाऊस येतो, उभं पीक आडवं करतो, लोंब्यांना शेतातच कोंब फुटतात. पूर्वी हे क्वचित व्हायचं, आता त्याचीच वाट पाहिल्यासारखं होतं. पण मला त्या दिवशी ते आभाळ फार सोयीचं पडलं. माझ्या पुस्तकामागे चार ओळी लिहिणाऱ्या माणसावर बोट ठेवण्यापेक्षा आभाळावर ठेवणं सोपं. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि करवंदं मोजून द्यायला लागली.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कवीचा फोन आला. "बाई, आपल्याकडे तीन दिवसांचं शिबिर घेतोय. हवामानबदल आणि मराठी साहित्य. तुम्ही यायचंच. आणि एक स्थानिक आवाज हवाय. अगदी मुळातला."

मुळातला म्हणजे काय ते मला कळलं, आणि मी मावशीला विचारायला वाडीत गेले. तिने विचारलं, "काय बोलायचं?" मी म्हटलं, भाज्यांबद्दल, पावसाबद्दल, जे विचारतील ते. तिने मान डोलावली. रानातून यायला दुपार होते, त्यानंतर येईन म्हणाली.

शिबिराला पुण्याहून आणि मुंबईहून पंधरा-सोळा लेखक-लेखिका आले. वातानुकूलित बसने आले. दारात प्रत्येकाच्या हातात एक कापडी पिशवी दिली, तिच्यावर 'पृथ्वी आपली नाही, आपण पृथ्वीचे' असं छापलेलं. पिशवीत तांब्याची बाटली, वही, आणि रोप लावायला बिया. हॉलमध्ये एसी होता कारण दुपारी ऊन होतं, आणि सकाळीही होता कारण सकाळी तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. वीज गेली की जनरेटर लागायचा. त्याच्या आवाजात एक समीक्षक मराठी कथेतल्या वितळत्या हिमनगांबद्दल बोलला. मराठी कथेत हिमनग किती आहेत हे मला माहीत आहे. तरी तो पाऊण तास बोलला. एका लेखिकेने तिच्या सोसायटीत तोडलेल्या गुलमोहरावरचा लेख वाचला आणि वाचताना रडली. ते रडू खरं होतं, हे मी मान्य करते. नंतर चहाला तिने मला सांगितलं की तिने ताम्हिणीच्या बाजूला प्लॉट बघून ठेवलाय, फक्त तिथली झाडी काढायची परवानगी भानगडीची आहे.

मी हे सगळं ऐकत होते आणि मनातल्या मनात त्यांना हसत होते. पण पिशवी मीही घेतली होती, आणि माझा निबंध मीही वाचला. टाळ्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'झाडाशी संवाद' हा कार्यक्रम होता. प्रत्येकाने एक झाड निवडायचं, त्याला मिठी मारायची, डोळे मिटायचे आणि जे ऐकू येईल ते वहीत उतरवायचं. जेसीबीनंतर आवारात जुनी झाडं राहिली नव्हती, म्हणून सगळे भिंतीपलीकडच्या बांधावर गेले आणि तिथल्या गिरिपुष्पांना बिलगले. ते झाड बाहेर देशातून आलेलं, आमच्याकडे लोक त्याला उंदीरमारी म्हणतात कारण त्याचा पाला आणि साल उंदरांना घालतात. मावशी लाकडाचा भारा घेऊन त्याच वाटेने वाडीकडे चालली होती. ती थांबली. पंधरा-सोळा शिकली-सवरली माणसं उंदीरमारीला कवटाळून उभी.

"काय झालंय त्यांना?" तिने मला हळूच विचारलं.

"झाडाशी बोलतायत."

"ह्याच्याशी?" ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. शिबिराच्या तीन दिवसांत मनापासून हसलेली तेवढीच एक बाई मी पाहिली.

दुपारी तिचं सत्र होतं. तलावाच्या काठाला मांडव घातला होता, कारण तिथे वारा लागतो. मावशीला मधोमध खुर्ची दिली. ती खुर्चीच्या टोकाला बसली, धुतलेलं लुगडं, पाय जमिनीवर घट्ट. मी शेजारी वही घेऊन. तिचं बोलणं टिपून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

पहिला प्रश्न गुलमोहरवाल्या लेखिकेचा. "मावशी, झाडं तुमच्याशी बोलतात का हो?"

"न्हाई," मावशी म्हणाली.

"म्हणजे कधी असं जाणवतं का, की झाड काही सांगू पाहतंय?"

"झाड कसं बोलंल?" तिने माझ्याकडे पाहिलं, प्रश्न आपल्याला नीट कळला ना, अशा नजरेने.

मग कुणीतरी शहाण्याने पावसाबद्दल विचारलं, आणि ती बोलली. असं बोलली की माझं पेन मागे पडायला लागलं. "पाऊस आता कवाबी येतुया. भात कापायला आलं की येतुया अन् लोळवून जातुया. मालकाचं भात जातं, तशी आमची कापनीची मजुरीबी जाती. त्याचं भात गेल्यालं समद्यांला दिसतं, आमची कापनी गेल्याली कुनाला दिसत न्हाई. शेवळं म्होरं-मागं उगवत्यात, आमी जातो तवा नस्त्यात, नसतो तवा येऊन कुजत्यात. मोहाळं कमी झाली. वड्यात मुठं हुती. आता ह्या गवतावर औषद मारत्यात, त्ये वड्यात उतरतं. मुठं मेली."

तिने हिरवळीकडे हात केला होता. सगळ्यांनी हिरवळीकडे पाहिलं आणि वह्यांत काहीतरी लिहिलं.

"आणि पाणी?" कवीनेच विचारलं. त्याचा आवाज भारलेला होता. डोळे अर्धे मिटलेले.

"पानी कुटं ग्येलं त्ये आमाला ठावं हाय," मावशी म्हणाली. "ह्ये काय, हितं तुमच्या म्होरं हाय. ह्यात तुमची मानसं पवत्यात. आमी नदीवर जातो."

तिचा आवाज चढला नव्हता. करवंदं आंबट आहेत की गोड हे जसं सांगते, तसं तिने सांगितलं. तलावाच्या कडेला कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत पडला होता. मला वाटलं, झालं, आता याला उत्तर द्यावं लागेल.

कवी उठला. त्याने हात जोडले. "किती थेट," तो म्हणाला. "हा जलाशय म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हव्यासाचं प्रतीक. मावशींनी एका वाक्यात अख्ख्या आधुनिकतेची समीक्षा केली."

माना डोलल्या. हिमनगवाला समीक्षक म्हणाला की हे विधान त्याच्या पुढच्या लेखाचं शीर्षक होऊ शकतं. एखाद्या गोष्टीला प्रतीक म्हटलं की तिच्यातलं पाणी परत करावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी वर्गात प्रतीक म्हणजे काय ते शिकवते आहे.

मावशी माझ्याकडे झुकली. "काय म्हनला त्यो?"

"तुमचं पटलं म्हणाले," मी म्हटलं.

त्या तीन दिवसांत बोलल्या गेलेल्या खोट्यांपैकी हे सगळ्यात लहान असेल, पण ते माझं होतं. मावशीने ते खरं मानलं. घरी जाताना ती मला म्हणाली की आता साहेब बोअर बंद ठेवील.

शिबिराचं पुस्तक निघायचं होतं. मी मावशीचं बोलणं जसंच्या तसं उतरवून पाठवलं. महिन्याभराने संपादिकेचा फोन आला. बाणेरला राहणारी, तिशीची, हुशार आणि अतिशय गोड बोलणारी मुलगी.

"मॅम, टेक्स्ट खूपच पॉवरफुल झालंय. फक्त ती दोन वाक्यं, पोहण्याची आणि नदीवर जाण्याची, थोडी पर्सनल वाटतायत."

"ती वैयक्तिकच आहेत," मी म्हटलं. "त्यांचं पाणी, त्यांची नदी."

"हो, पण बाकी पुस्तकाचा टोन वेगळा आहे ना. आणि सर होस्ट होते. असं वाटेल की आपण त्यांच्याकडे जेवून त्यांनाच..."

"जेवलो आपणच. त्या जेवल्या नव्हत्या." मावशीला खरंच कुणी जेवायला विचारलं नव्हतं. चहा दिला होता.

 ती म्हणाली की आपण मधला मार्ग काढू, 'पाणी कुठे गेलं ते आम्हाला माहीत आहे' एवढं ठेवू, सूचक राहील. आणि मी हो म्हटलं. का म्हटलं, याची मी स्वतःला नंतर पुष्कळ कारणं दिली. खरं कारण एकच. त्या पुस्तकात माझाही निबंध होता.

छापील पुस्तक हातात आलं तेव्हा तेही वाक्य गेलं होतं. त्याच्या जागी होतं: 'पाणी आभाळानं परत मागून घेतलं. आम्ही कोण नाही म्हणणारे?' हे वाक्य मावशी बोलली नव्हती. मावशी असं बोलूच शकत नाही, कारण ती आभाळाला ओळखते. बोली पुसून सगळं शुद्ध केलेलं. झाडाशी न बोलणारी मावशी त्या पानावर झाडांची लेक झाली होती. खाली लिहिलेलं, 'शब्दांकन', आणि पुढे माझं नाव.

मी संपादिकेला फोन केला. ती म्हणाली, सरांनी शेवटचा हात फिरवला, आता काय करणार, प्रती छापून झाल्या. "पण मॅम, सगळ्यांना तीच ओळ सगळ्यात जास्त आवडतेय."

पुण्यात एका सभागृहात प्रकाशन झालं. मावशीला नेऊ का, असं मी कवीला विचारलं होतं. एवढा प्रवास, उगाच त्यांना त्रास, असं तो म्हणाला. मावशीला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तितं माजं काय काम?"

"तुमचं बोलणं छापलंय."

"मग वाचत्याल की त्ये. मला बोलाया कशाला पायजे?"

प्रकाशनात मला तिचा मजकूर वाचून दाखवायचा होता. व्यासपीठावर गेल्यावर मी पुस्तक मिटलं आणि पर्समधून वही काढली.   मी म्हटलं, पुस्तकात छापलंय ते मावशींचं नाही, त्या जे बोलल्या ते हे आहे. आणि मी वाचलं. गवतावरचं औषध, मेलेले मुठे, आणि शेवटी ती दोन वाक्यं, कवी पहिल्या रांगेत बसलेला असताना, त्याच्याकडे बघून.

मला वाटलं होतं की कुणीतरी उठून जाईल. निदान सभागृहात शांतता पसरेल. झालं असं की टाळ्या पडल्या. पुस्तकातल्या कुठल्याही वाचनाला पडल्या नव्हत्या इतक्या. कवी स्वतः उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी खाली उतरले तेव्हा त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे ओले होते. "हेच, बाई. हा अस्सल खडबडीतपणा आपण गमावलाय. पुढच्या आवृत्तीत हेच घेऊ. बोलीतच घेऊ."

त्याला राग आला असता तर मी त्याला माणूस समजले असते. त्याला आवडलं होतं. त्याच्या तलावावर बोट ठेवलेलं वाक्य त्याने एखाद्या चांगल्या लोणच्यासारखं चाखलं, दाद दिली, आणि दुसऱ्या दिवशीही बोअर चालूच होती. चालू होती हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी वाडीत गेले तेव्हा भिंतीपलीकडून पंपाचा आवाज येत होता.

मी मावशीला सगळं सांगितलं. त्या दुपारी पटलं म्हणाले असं मी खोटंच सांगितलं होतं, तेही. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. रागावली नाही, म्हणून मला जास्त लागलं. 

"मला मागनं वाटलंच हुतं," ती म्हणाली. "बोअर बंद करनारा मानूस हात जोडत न्हाई. मग आता कागुद करा की. तुमी लिवता न्हवं?"

मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. आयुष्यभर विशेषणं लिहिलेल्या बाईला विषय एका ओळीत लिहायला अर्धा तास लागला. वाडीचा झरा कधी टिकत होता, बोअर कधी झाल्या, झरा आता कधी आटतो, बाया पाण्याला कुठे जातात. सात बायांनी अंगठे दिले, दोघींनी सह्या केल्या. अर्ज घेतला, पोच मिळाली, पंचायतीचे लोक पाहून गेले, चौकशी सुरू झाली आणि सुरूच राहिली. एक प्रत मी कवीच्या हातात नेऊन दिली.

आता मात्र त्याला लागलं. व्यासपीठावरचं वाक्य त्याला गोड लागलं होतं, अर्जातलं गोड लागलं नाही. "बाई, तुम्ही मला एक फोन करायचा होतात," तो म्हणाला. "आपण संवाद करणारी माणसं. हे कागद कशाला?"

"त्या बोलल्या होत्या, सर. तुमच्या मांडवात, तुमच्यासमोर."

"तो साहित्याचा भाग होता," तो म्हणाला. हे त्याने विनोदाने म्हटलं नव्हतं.

पंधरा दिवसांत भिंतीबाहेर, वाडीच्या बाजूला, एक नळ बसला. कवीच्या टाकीतून आणलेला. पाणी दिलं हे दिलं, ते मी नाकारत नाही. बायांची नदीची फेरी वाचली. पण नुसता नळ देऊन राहील तर तो कवी कसला. नळाच्या वर दगडी चौकट केली, तिच्यात संगमरवरी फरशी, आणि फरशीवर त्याची आठ ओळींची कविता. पाणी देणारा आणि घेणारा एकाच थेंबाची दोन रूपं आहेत, असा काहीतरी आशय. पुण्याहून चार माणसं आली, फोटो निघाले, मावशीने नळ सोडला, हंड्यात पाणी पडताना सगळे पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून नळ कवीच्या राखणदाराच्या बायकोच्या हातात. ती आतून कॉक सोडेल तेव्हा पाणी.

आठवड्याने मी तिकडे गेले तर मावशी दोन हंडे घेऊन नळापाशी बसलेली. कधीपासून म्हणाल तर ऊन डोक्यावर यायच्या आधीपासून.

"बाई, ह्यावर काय लिवलंय त्ये वाचा की," ती म्हणाली.

मी आठही ओळी वाचल्या. तिने शेवटपर्यंत नीट ऐकलं.

"ह्यात पान्याचा टायम लिवलाय का?"

"नाही."

"मग कशापायी लिवलंय?"

मी आत गेले, राखणदाराच्या बायकोकडून रोजची वेळ ठरवून घेतली. ती बिचारी चांगली आहे, तिला कुणी विचारलंच नव्हतं. सकाळी सात ते आठ. मग घरून ऑइलपेंटचा डबा आणला, खिडक्यांना लावून उरलेला निळा, आणि कवितेच्या खाली ठळक अक्षरात ते लिहिलं. वाडीतल्या दोन मुली शाळेत जातात, त्या वाचून सांगतात. वळणदार अक्षर काढलं. फळ्यावर काढते तसं.

कवीचा फोन आला. विद्रूपीकरण हा शब्द त्याने तीनदा वापरला. मी म्हटलं, तुमच्या कवितेत एक ओळ कमी होती. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. पुढच्या आवृत्तीत मावशीचं बोलणं बोलीत आलं, ती दोन वाक्यंही आली. त्यांच्याआधी कवीची प्रस्तावना आहे, त्यात तो म्हणतो की स्वतःवरची टीका छापण्याचं धैर्य साहित्यात दुर्मीळ होत चाललंय. त्या पुस्तकातून मी माझा निबंध काढून घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

निळी अक्षरं राखणदाराने थिनरने पुसली, तेव्हा कवितेचा काळा रंगही थोडा उतरला. मी पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा कुणी पुसलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात कवीच्या दोन्ही बोअर आटल्या. आधी एक, मग दुसरी. पाऊस नको तेव्हा पडून वाहून गेला होता, आणि खोऱ्यात आता भिंती इतक्या झाल्यात की भोकांची गणती कुणी ठेवत नाही. नळही अर्थात बंद. कवीने टँकर लावला. त्याच्याकडे पाहुणे येणार होते, तलाव रिकामा कसा ठेवणार. टँकरचा ड्रायव्हर खालच्या गावातला, मावशी त्याला लहानपणापासून ओळखते. टँकर वाडीवरून चढतो. पहिल्याच दिवशी बाया हंडे घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या. भांडण झालं नाही. मावशी नुसती म्हणाली, "आमचं भरू दे, मग जा." त्याने इंजिन बंद केलं.

तेव्हापासून तो रोज थांबायचा. कवीला कधी कळलं का, मला माहीत नाही. टँकर उशिरा येतो अशी त्याची तक्रार असल्याचं राखणदाराची बायको सांगायची. त्या टँकरवर त्याची कविता एका दिवाळी अंकात आली. तहानलेला टँकर, पाणी वाहणारा आणि स्वतः कोरडा, असं काहीतरी. वाईट नाही. नववीच्या पुस्तकात आली तर मला शिकवावी लागेल.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका सकाळी मी वाडीत होते. टँकर आला, ड्रायव्हरने मागची जाड नळी सोडली. हंडे, कळश्या, बादल्या, एक प्लास्टिकचा पिंप, रांगेत मांडलेले. मी वही काढणार होते. मावशीने पाहिलं.

"वही ठिवा ती," ती म्हणाली. "नळी धरा हितं. त्या म्हातारीला उचलत न्हाई."

मी नळी धरली. ती हातातून निसटायला बघत होती, दाब बराच होता. पिंप भरला, मग बादल्या, मग म्हातारीची कळशी. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. शेवटचा हंडा भरल्यावर ड्रायव्हरने कॉक बंद केला आणि टँकर वर गेला.